अस्तित्वात नसलेल्या भाषेचे व्याकरण

जे. आर. आर. टोल्किन यांनी ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४-५५) या कादंबरीत उभी केलेली ‘मिडल-अर्थ’ ही भूमी कोठेही नाही. तरीही तिचा अभ्यास करणारी माणसे जगभर आहेत. कॅरन विन फॉनस्टॅड या नकाशाकार बाईंनी १९८१ साली तिचा अ‍ॅटलास प्रसिद्ध केला. बॅलरॉग नामक अग्निराक्षसाला पंख होते की ती नुसती सावली होती, यावर वर्षानुवर्षे वाद झडत आले आहेत. ऐकणाऱ्याला हसू येते. परंतु बायबलचे पाठभेद ताडण्यात ज्यांची सेमिनरीतील वर्षे गेली, त्या आम्हांला ते हसू फारसे शोभत नाही. टोल्किन यांची हस्तलिखितेही मिलवॉकीच्या मार्केट या येशूसंघीय विद्यापीठाने १९५७ सालीच विकत घेतली होती!

अर्थात, फरक आहेच. मिडल-अर्थसाठी कोणी हुतात्मा झालेला नाही. आणि ही भूमी खरी नाही, हे तिचे अभ्यासक पुरते जाणतात. तरीही खोट्या जगाचे बारकाईने वाचन खऱ्याकडे नेऊ शकते, असे आमचे मत आहे.

टोल्किन यांनी रचलेल्या ‘क्वेन्या’ भाषेत भेटीच्या वेळी म्हणावयाचे एक अभिवादन आहे. त्यातील ‘आपल्या’ या अर्थाच्या प्रत्ययातील एक व्यंजन पुढील आवृत्त्यांत बदलले. त्याचे कारण शोधताना अभ्यासकांना सर्वनामांची सारी व्यवस्था तपासावी लागली : ‘आम्ही’ वेगळे, ‘आपण’ वेगळे. इंग्रजीत दोहोंना एकच शब्द; आपल्याकडे हा भेद शेंबडे पोरही पाळते.

टोल्किन बालपणापासून कॅथॉलिक. प्रभूची प्रार्थना आणि ‘नमो मरिया’ त्यांनी क्वेन्यात उतरविली. ‘विन्यार टेंग्वार’ या लहानशा नियतकालिकाने २००२ साली ती शब्दशः टीपांसह छापली. प्रभूच्या प्रार्थनेचे एकूण सहा खर्डे आढळले. ज्याला हाक मारावयाची, तो त्या ‘आमच्या’त मोडत नाही, म्हणून पित्याला जोडलेला प्रत्यय ऐकणाऱ्याला वगळणारा आहे. मराठी प्रार्थनेतही ‘आमच्या’ आहे, ‘आपल्या’ नव्हे. रोज ती म्हणणाऱ्यांपैकी कितीजण त्या शब्दापाशी थांबतात?

लोरेटोची लितानीही त्यांनी हाती घेतली होती. ती मात्र आरंभीच्या काही ओळींनंतर अर्धीच राहिली.