पृष्ठांकांचे दोन क्रम

स्मरणिका हाती आली की वाचक प्रथम कोणते पान उघडतो, हे आम्ही अनेक वर्षे न्याहाळत आलो आहोत. शुभसंदेश तो वाचत नाही, संपादकीयही नाही. तो शेवटची नामसूची काढतो, आपले आडनाव शोधतो आणि त्यापुढील पृष्ठांकावर जातो. तेथे त्याच्या दिवंगत आजोबांचा चार ओळींचा परिचय असतो. त्या पानावर दुसऱ्याच कुटुंबाची माहिती निघाली, तर बाकीचे सारे सुरेख लेख त्याच्या लेखी व्यर्थच.

आमच्या धर्मग्रामाच्या महोत्सवी स्मरणिकेची संगणकावर मांडणी करताना हाच प्रश्न उभा राहिला. कुटुंबांचा इतिहास वेळेवर जमला, नामसूची सिद्ध झाली. राहिले ते शुभसंदेश. ते छापावयाचे आरंभी आणि येतात मात्र शेवटी. (ज्यांच्याकडे सर्वांत आधी मागावेत, त्यांचेच सर्वांत उशिरा येतात!) आरंभी चार पाने वाढली की पुढील प्रत्येक पानाचा अंक चाराने सरकतो आणि सूचीतील शेकडो नावे एका रात्रीत खोटी ठरतात.

यावरील तोडगा ग्रंथव्यवहारात जुनाच आहे. मराठी ग्रंथांच्या प्रस्तावनेवर 'एक, दोन, तीन' असे अक्षरी अंक घालतात आणि मूळ मजकूर १ पासून सुरू करतात. पेजमेकरच्या काळात एका फाइलला पृष्ठांकांचा एकच क्रम मिळे. दुसरा हवा तर दुसरी फाइल करावी लागे. १९९९ साली आलेल्या इनडिझाइनने एकाच फाइलचे विभाग पाडण्याची सोय दिली. 'पेजेस' या फलकात मूळ मजकुराचे पहिले पान निवडावे, 'नंबरिंग अँड सेक्शन ऑप्शन्स' उघडावे, 'स्टार्ट सेक्शन'वर खूण करावी आणि आरंभीचा अंक १ द्यावा. त्या पानाच्या चित्रावर छोटा काळा त्रिकोण उमटतो. मग त्याच्या अलीकडे कितीही पाने वाढोत, पलीकडचे अंक ढळत नाहीत.

एक पथ्य मात्र पाळावे लागते. विषम अंक नेहमी उजव्या पानावर येतो. म्हणून आरंभीची पाने सम संख्येतच ठेवावीत, नाहीतर मध्ये एका पानाची जागा रिती पडते आणि फर्म्याचे गणित चुकते. दुसरी अडचण अक्षरांची. युनिकोडपूर्व देवनागरी अक्षरसंचांत इंग्रजी आकड्यांच्या जागी आपले अंक बसवलेले असतात, त्यामुळे १, २, ३ बिनबोभाट उमटतात. रोमन अंक निवडले, की ती मुळात इंग्रजी अक्षरे असल्याने त्यांच्या जागी भलतीच काना-मात्रा अवतरते. आम्ही रोमन अंकांचा नाद सोडला आणि 'एक, दोन' हातानेच टंकलिखित केले. पाने मोजकी होती, आणि मराठी डोळ्याला तेच रुचते.

फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली प्रथम छापले गेले. सतराव्या शतकातील त्याची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. तरीही अभ्यासकाला त्यातील संदर्भ देता येतो, कारण तो पानावर अवलंबून नाही: पुराण पहिले की दुसरे, अवस्वर कितवा, ओवी कितवी. ओव्यांचा क्रम प्रत्येक अवस्वरात नव्याने आरंभतो. पाने गेली, अंक टिकले.

छापखान्याची तऱ्हा निराळी. तेथे विभाग कोणी पाहत नाही, प्रत्यक्ष पाने मोजतात. आमच्या आरंभीच्या पानांची संख्या अखेर बारावर थांबली, तेव्हा पृष्ठ १ म्हणजे फाइलमधील तेरावे पान. छपाईच्या चौकटीत अंकाआधी अधिकाचे चिन्ह घातले की इनडिझाइन प्रत्यक्ष क्रमच धरते. आम्ही पाकिटावर ठळक अक्षरांत लिहून दिले: 'मूळ मजकूर +१३ पासून.'