जुनी सायकल बघताना

बजेट पंधरा हजारांचं. एवढ्यात नवीकोरी माउंटन बाईक मिळते, पण तिचे शॉकअप बहुधा शोभेपुरते. वजन मात्र खरं. म्हणून जुनी, पण बऱ्यापैकी घ्यायची. वेताळ टेकडीच्या मुरमावर चालवायची आहे, हिमालयात नाही.

आज कोथरूडला एक बघून आलो. मालकांनी चकाचक पुसून ठेवली होती. रंगावर जायचंच नाही. हँडलच्या खाली फ्रेमच्या नळ्या जुळतात तिथे बोट फिरवलं. केसाएवढी चीर असती तरी तिथूनच परत फिरलो असतो. ॲल्युमिनियमचं भरवशाचं वेल्डिंग कोपऱ्यावरच्या दुकानात होत नाही. मग खिशातली फूटपट्टी काढली. साखळीच्या कुठल्याही पिनेपासून पुढची चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर यायला हवी. इथे ती इंचाचा आठवा हिस्सा पुढे गेलेली. म्हणजे साखळी बाद, आणि तिने मागच्या कॅसेटचे दातेही बहुधा खाल्लेले.

"अहो, वापरलीच कुठे फारशी!" मालक म्हणाले.

मी पट्टी खिशात ठेवली. मागच्या चाकात थोडा आउट होता, तो स्पोक आवळून निघतो. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवली, कुठे खटखट नाही. टांग टाकून उभा राहिलो तर वरच्या दांडीवर चार बोटं जागा उरली, माप बसतंय. साखळी-कॅसेटचे पैसे वजा करून आकडा सांगितला. घरी विचारून कळवतो, म्हणाले.