दिवाळीतला ‘ळ’

गणेशाची चवथ जवळ आली की गोव्यातल्या पेडणे आणि डिचोली तालुक्यांतल्या शाळांमधून मला एकच मागणी येते, ‘सुट्टीत मुलांकडून करून घ्यायला काहीतरी सोपं द्या.’ मागणी रास्त आहे. एखादा ध्वनी नुकता कुठे मुलाच्या जिभेवर बसू लागलेला असतो आणि शाळा बंद होते. आधी चवथ, मग दिवाळी, पुढे नाताळ. सराव तुटला की कमावलेला ध्वनी निसटायला वेळ लागत नाही. स्पीच थेरपिस्ट म्हणून माझं सांगणं असं, की सणासाठी वेगळा उपक्रम रचत बसू नका. घरात जे चाललंय त्यातच सराव बसवा. पणतीचं चित्र रंगवताना मूल गप्प असतं. आपल्याला ते बोलायला हवं आहे.

‘ळ’चंच घ्या. हा ध्वनी काढताना जिभेचं टोक वर आणि मागे वळून टाळूला लागतं व झटक्यात खाली येतं. लहान मुलांना हे उशिरा साधतं, तोवर ती ‘ल’वर भागवतात. आता आपले सण बघा. दिवाळी, होळी, रांगोळी, ओवाळणी, माटोळी, पातोळी, तुळस, केळी, आवळा. ज्या ध्वनीसाठी मला एरवी शब्द शोधावे लागतात, तो सणाच्या घरात दिवसभर कानावर पडत असतो. मराठीत ‘ळ’ शब्दाच्या सुरुवातीला येत नाही, म्हणून सराव ‘आळ, ओळ, ईळ’ असा स्वर आधी घेऊन सुरू करायचा. मग शब्द, मग ‘तुळशीला माळ’सारखे दोन शब्द, मग वाक्य आणि शेवटी साधं बोलणं. पायरी गाळायची नाही. त्याही आधी मुलाच्या कानाला फरक कळतो का ते पाहावं. ‘वेल’ आणि ‘वेळ’, ‘माल’ आणि ‘माळ’ अशा जोड्यांची चित्रं समोर ठेवायची, आपण एक शब्द उच्चारायचा, मुलानं चित्र उचलायचं. कानाला न कळलेला फरक जिभेला जमत नाही.

‘क’च्या जागी ‘त’ म्हणणाऱ्या मुलाला नरकचतुर्दशीची पहाट सोयीची. अंघोळीनंतर तुळशीपुढे कारीट हे छोटं कडू फळ फोडायचं, दारात कंदील लागलेला, ताटात केळी. मूल ‘तारीट’ म्हणालं तर ‘चूक, पुन्हा म्हण’ असं दरडावू नये. ‘हो, कारीट. कारीट फोडूया. कडू कारीट!’ असं त्याला नीट ऐकवावं आणि पुढची संधी द्यावी. दिवसातून दोन-तीनदा पाच-पाच मिनिटं हे घडलं, तर आठवड्यातून एकदा तासभर बसण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

उच्चार बरे पण वाक्यं तुटकी, अशा मुलांसाठी माटोळीसारखं, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या फळापानांच्या मांडवीसारखं, साधन मला दुसरं माहीत नाही. चवथीआधी डिचोलीच्या बाजारात माटोळीचं सामान येतं. नारळ, सुपारीचे घड, तोरिंजन, चिबूड, कवंडळ, रानातली फळं आणि पानं. यात नाव, रंग, आकार, वास, वर-खाली, जड-हलकं असं सगळं हाताशी असतं. डिचोलीजवळच्या एका घरात मी दुसरीतल्या मुलाला माटोळीखाली पाहिलं होतं. आजोबा स्टुलावर उभे राहून दोरी आवळत होते. मुलगा बोट दाखवून म्हणाला, ‘आजो, नाल्ल!’ आई त्याच्या उंचीवर बसली आणि म्हणाली, ‘आजो नाल्ल बांदता.’ थोडं थांबली. मुलगा म्हणाला, ‘नाल्ल बांदता.’ तेव्हा ती म्हणाली, ‘आजो व्हडलो नाल्ल बांदता.’ मूल जे बोललं ते धरून त्यात एखाद-दुसरा शब्द वाढवायचा आणि मग थांबायचं, एवढंच तिनं केलं. हे थांबणं सर्वांत अवघड असतं. प्रश्न विचारल्यावर मनातल्या मनात पाचपर्यंत मोजा. एवढा अवकाश मिळाला तर कितीतरी मुलं स्वतःहून उत्तर देतात.

त्या आईनं घरची कोंकणी सोडून पुस्तकी मराठीत ‘नारळ’ म्हणायचा हट्ट धरला नाही, हेही मला महत्त्वाचं वाटतं. पेडणे-डिचोलीत घरची बोली एक आणि शाळेची भाषा दुसरी, हे नित्याचं आहे. दोन भाषांमुळे मूल बोलायला मागे पडत नाही. बोलीतला उच्चार हा वाचादोषही नव्हे. सराव घरच्या भाषेत करा, तिथं आलेलं बळ शाळेच्या भाषेलाही लाभतं.

दिवाळीचे फोव, म्हणजे पोहे, हा क्रम सांगण्याचा आयता पाठ. दुधातले, गुळातले, ताकातले, रोसातले, फोडणीचे, यांपैकी एक प्रकार मुलानं आईबरोबर करायचा आणि शाळा उघडल्यावर वर्गात ‘आधी, मग, शेवटी’ वापरून सांगायचा. ज्याला सलग सांगता येत नाही, त्यानं करतानाचे तीन फोटो क्रमानं लावावेत. वर्गात ख्रिस्ती, मुस्लिम मुलंही असतात. त्यांनी नाताळच्या नेवऱ्यांचा किंवा ईदच्या शेवयांचा क्रम सांगावा. उद्दिष्ट तेच, घर ज्याचं त्याचं.

अडखळणाऱ्या मुलाबद्दल मात्र जपून. घोळक्यात आरती म्हणताना तो एकदाही अडखळत नाही, हे पाहून घरचे म्हणतात, ‘मनात आणलं तर येतं की याला!’ तसं नसतं. एकत्र म्हणताना आणि गाताना अडखळणं कमी होतं, हा या अवस्थेचा गुणधर्मच आहे. मुलगा एरवी मुद्दाम अडखळतो, असा त्याचा अर्थ नाही. त्याला आरतीत पुढे उभं करा, पण पाहुण्यांसमोर ‘आता एकट्यानं म्हणून दाखव’ म्हणून परीक्षा घेऊ नका. त्याचं वाक्य आपण पुरं करू नये, ‘सावकाश बोल’ असंही सांगू नये. आपण स्वतः सावकाश बोलावं.

पणती विझवणं, फुगे फुगवणं, जीभ बाहेर काढून हलवणं, हे व्यायाम शाळांतून फार चालतात. मुलांना मजा येते, पण त्यानं ‘र’ सुधारत नाही. फुंकर मारायला येणं आणि बोलणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत. बोलणं बोलूनच सुधारतं, म्हणून हाताशी असलेला थोडा वेळ प्रत्यक्ष शब्दांवरच खर्च करा.

दिवाळीत नरकासुराची प्रतिमा जाळतात त्या रात्रीचे कर्णे आणि फटाके श्रवणयंत्र लावणाऱ्या किंवा आवाज सहन न होणाऱ्या मुलांना छळतात. रात्री काय काय होणार ते दिवसा चित्रांतून सांगा, दूर उभं राहण्याची मोकळीक ठेवा. आणि चौथ्या वर्षानंतरही परक्या माणसाला मुलाचं बोलणं कळत नसेल, तर ‘जीभ जड आहे, येईल हळूहळू’ म्हणत दिवाळीमागून दिवाळी घालवू नका. आधी बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात (गोमेकॉत) किंवा जवळच्या तज्ज्ञाकडे श्रवणचाचणी करून घ्या. वाचा व भाषेचं दिव्यांगत्व 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत समाविष्ट आहे. शाळेकडून मदत मागणं हा असं दिव्यांगत्व असलेल्या मुलांचा हक्क आहे.

शिक्षकांनी सुट्टीआधी प्रत्येक मुलाच्या वहीत तीनच ओळी लिहाव्यात. एक ध्वनी किंवा एक उद्दिष्ट, घरातल्या सणाचे पाच शब्द आणि घरच्यांनी काय करायचं. मुलाला वर्षभर बोलायला आमच्यासारखी माणसं आठवड्यातून एकदा भेटतात. सणात आजी, काका, चुलत भावंडं सगळी घरी असतात, आणि त्यांच्याशी बोलायला मुलाकडे काहीतरी असतंही. इतके श्रोते मी त्याला कधीच देऊ शकणार नाही. म्हणून ती वही दप्तरात राहू देऊ नका, घरच्यांच्या हाती द्या.