हा आकडा कुणाला विचारून काढला?

गर्भपाताविषयी आपल्या घरांत बोललं जात नाही, असं म्हणतात. ते काही खरं नाही. बोललं जातं, पण दार लोटून, आवाज खाली करून आणि बहुधा तिसऱ्याच कुणाच्या नावाने. "माझ्या ओळखीतली एक आहे..." अशी सुरुवात झाली की आम्ही दोघी जावा एकमेकींकडे बघतो. ती ओळखीतली बहुतेक वेळा समोरच बसलेली असते.

अशा विषयावर "मुस्लिम समाजाचं मत" टक्क्यांत सांगणारे दोन आकडे गेल्या वर्षी एकाच आठवड्यात आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर येऊन पडले. पहिला नणंदेच्या मुलाने न्यू जर्सीहून पाठवला: अमेरिकेतल्या ५५ टक्के मुसलमानांच्या मते गर्भपात सर्व किंवा बहुतेक बाबतींत कायदेशीर असावा. दुसरा मुंब्र्याच्या मामूंनी टाकला: बहुतेक देशांतल्या बहुसंख्य मुसलमानांना गर्भपात नैतिकदृष्ट्या चुकीचा वाटतो. दोघांनी एकमेकांचा आकडा खोटा ठरवला. प्रत्यक्षात दोन्ही आकडे एकाच संस्थेचे, वॉशिंग्टनच्या प्यू रिसर्च सेंटरचे.

नुसता वाद असता तर आम्ही फोन बाजूला ठेवला असता. पण त्याच आठवड्यात या मुलाच्या सख्ख्या बहिणीची, आमच्या भाचीची, सोनोग्राफी झाली होती. पंधरावा आठवडा होता. बाळाच्या डोक्याची कवटी तयारच झाली नव्हती आणि असं बाळ जगत नाही, हे डॉक्टरीणबाईंनी तीनदा समजावून सांगितलं होतं. ग्रुपवर तिचं नाव कुणी घेत नव्हतं, पण सगळे आकडे तिलाच उद्देशून फेकले जात होते. ती ते वाचत होती.

म्हणून आम्ही दोघींनी ते आकडे मुळापासून पाहायचं ठरवलं. ५५ टक्क्यांचा आकडा २०१४ च्या पाहणीतला निघाला. पाहणी मोठी, ३५ हजारांहून अधिक लोकांची. पण त्यात मुसलमान होते २३७. मुलाखती फक्त इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये झाल्या. म्हणजे मुलाकडे राहायला गेलेली, उर्दू किंवा अरबीच बोलणारी दादी त्यात नाही. हे काही संस्थेने लपवलेलं नाही, तिच्याच अहवालात छापलेलं आहे. पुढे पाठवताना ते गळून पडलं, इतकंच.

मामूंचा आकडा २०१३ च्या "जगातील मुसलमान" या अहवालातला. ३९ देश-प्रदेश, ३८ हजारांहून अधिक प्रत्यक्ष मुलाखती, ८० हून अधिक भाषा. काम दांडगं आहे. पण त्यात पाकिस्तान आहे, बांगलादेश आहे आणि भारत नाही. सौदी अरेबिया आणि इराणही नाहीत. "आपण मुसलमान असं मानतो" म्हणून जो आकडा रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुलीच्या अंगावर आला, त्यात भारतातल्या एकाही मुसलमानाला विचारलेलं नाही.

आणि दोघांचे प्रश्नही वेगळे. एकात विचारलं की कायद्याने परवानगी असावी का. दुसऱ्यात विचारलं की हे नैतिकदृष्ट्या योग्य की अयोग्य. आम्ही दोन्ही प्रश्न सासूबाईंना विचारले. "अम्मी, गर्भपात बरोबर का चूक?" त्या म्हणाल्या, "गुनाह आहे." मग विचारलं, "सरकारने बंदी घालावी?" त्यावर त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "सरकारला काय कळतंय बाईचं?" अम्मी दोन्ही पाहण्यांत बसतात, दोन्ही ठिकाणी खरं बोलतात. अमेरिकेतही हेच दिसतं. मे २०१२ मध्ये गॅलपच्या पाहणीत ५० टक्के लोकांनी स्वतःला गर्भाच्या जीविताच्या बाजूचं म्हणवलं. त्याच पाहणीत गर्भपात कोणत्याही परिस्थितीत बेकायदा असावा म्हणणारे मात्र २० टक्केच होते.

शिवाय कान देऊन ऐकणारं कोण आहे, यावरही उत्तर ठरतं. आमच्यातल्या धाकटीने लग्नाआधी एका सर्वेक्षणासाठी घरोघरी प्रश्नावल्या भरल्या आहेत. नियम असा की बाई एकटी हवी. एका खोलीच्या घरात एकटी बाई कुठून आणायची? सासू उंबऱ्यावर, दीर पडद्याआड, पोरगं मांडीवर. "किती गरोदरपणं झाली?" याचं उत्तर पटकन येई. पुढच्या प्रश्नाला बाई म्हणे, "एक पडलं." पडलं की पाडलं, फरक एका कान्याचा. कुणी म्हणे, "पिशवी साफ केली," त्यात तर दोन्ही मावतात. फॉर्मवर मात्र रकाने वेगवेगळे, खूण एकाच ठिकाणी करायची.

हा कान्याचा फरक देशाच्या पातळीवर केवढा होतो ते पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ मध्ये, बायकांनी सांगितलेल्या गरोदरपणांपैकी २.९ टक्क्यांचा शेवट गर्भपातात झाला होता. आपोआप "पडलेली" ७.३ टक्के. दुसरीकडे, २०१८ च्या लॅन्सेट ग्लोबल हेल्थमधल्या अभ्यासाने २०१५ सालासाठी भारतात १ कोटी ५६ लाख गर्भपातांचा अंदाज काढला, म्हणजे गरोदरपणांपैकी जवळजवळ एक तृतीयांश. त्यांनी बायकांना विचारलंच नाही. गोळ्यांची विक्री मोजली आणि सहा राज्यांतल्या दवाखान्यांच्या नोंदी घेतल्या. त्या सहांत महाराष्ट्र नाही, हेही सांगायला हवं. या अभ्यासात न्यूयॉर्कची गुटमाकर संस्था होती, जी गर्भपाताच्या हक्काची उघड समर्थक आहे. मामू लगेच म्हणाले, "बघा, त्यांचाच माणूस मोजतोय." पण त्याच अभ्यासात देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थाही होती आणि कुटुंब आरोग्य सर्वेक्षण करणारी संस्था तीच. गोवंडी स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर, आपल्याच वस्त्यांच्या शेजारी. दोन्ही आकडे तिथूनच गेले. मोजणाऱ्याची बाजू माहीत असावीच, पण तेवढ्यावर आकडा फेकून देणं आम्हाला पटत नाही. त्याने हिशेब उघडा मांडलाय का, ते बघावं. जिथे हिशेबच दाखवत नाहीत तिथे बाजू आपली असली तरी आम्ही सावध होतो.

भाचीचं काय झालं, हे विचारणाऱ्यांसाठी थोडक्यात. ती आणि तिचा नवरा मुफ्तीसाहेबांकडे गेले. त्यांनी टक्केवारी विचारली नाही. विचारलं, दिवस किती झाले. डॉक्टर आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात, त्यामुळे प्रत्यक्ष गर्भ सुमारे तेरा आठवड्यांचा, १२० दिवसांच्या बराच आतला. या मुदतीच्या आतही फकीहांमध्ये मतभेद आहेत, शाफईंमध्येही एकमत नाही, हे त्यांनी लपवलं नाही. १९९० मध्ये मक्केतल्या राबिताच्या फिकह परिषदेने, बाळात गंभीर आणि उपाय नसलेलं व्यंग तज्ज्ञ डॉक्टरांनी निश्चित केलं तर १२० दिवसांच्या आत आईबापांच्या इच्छेने परवानगी दिली आहे, तेही त्यांनी सांगितलं. कायद्याने २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं आणि सज्ञान बाईची स्वतःची संमती लागते. नवऱ्याची सही लागत नाही. त्याने सही दिली नाही, पण दोन रात्री दवाखान्याच्या बाकावर काढल्या. निर्णय दोघांनी घेतला. घरातल्या काहींना तो आजही मान्य नाही. ते तिच्याशी बोलतात, एवढं आम्ही पाहिलं.

आता ग्रुपवर कुणी टक्के टाकले की आम्ही चार गोष्टी लिहून पाठवतो: कितीजणांना विचारलं, कोणत्या भाषेत, प्रश्न नेमका काय होता आणि साल कोणतं. न्यू जर्सीच्या भाच्याने २३७ वाल्या पानाचं छायाचित्र पाठवलं आणि खाली लिहिलं, "मामी, मलाही कुणी विचारलं नव्हतं." मामूंचं उत्तर अजून आलेलं नाही.