माणूस वजा करून

भाच्यासाठी जुनी छर्र्याची रायफल घेतली आणि ती कुठंही मारते आहे. कागदावर छर्रे नुसते विस्कटलेले. दोष कुणाचा? मागच्या मालकाचा, नळीचा, की पोराच्या श्वासाचा? सेवाग्राम एवढं जवळ, आणि पिपरी मेघेत बसून मी बंदुकीच्या नेमासाठी झुरतोय, याचं हसूही आलं.

वाळूच्या पिशवीवर तळहात, त्यावर रायफल. माणूस वजा करायचा आणि काय उरतं ते बघायचं. दस्त्याचे स्क्रू सैल निघाले. आपल्याकडचा मे महिना लाकूड सुकवतो, पावसाळा फुगवतो. पकड ढिली होणारच. नळीतून ओढलेली चिंधी शिशानं करडी होऊन आली.

तरी छर्रे पसरलेलेच. स्प्रिंगच्या रायफलीत छर्रा नळीबाहेर पडण्याआधीच पिस्टनचा धक्का बसतो. रायफल हातात घट्ट आवळली की नेम बिघडतो. हातावर नुसती विसावू द्यायची. हे मनाला पटतं, बोटांना पटत नाही. किती गोष्टी आपण निसटतील या भीतीनंच आवळतो, कोण जाणे.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, त्यामुळे शिकारीचा प्रश्नच नाही. हे सगळं कागदासाठी. आणि कागद काही दयाळू नसतो. १० मीटरच्या स्पर्धेत दहा गुणांचा ठिपका ०.५ मिलिमीटरचा, छर्रा ४.५ मिलिमीटरचा.

जुनी रायफल घेणार असाल, तर पैसे मोजण्याआधी दस्त्याचे स्क्रू तेवढे बघून घ्या.