साखळी आणि अतिचार

12 मार्च 2024 रोजी केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विभागाने सर्व राज्यांना एक पत्र पाठविले. पिटबुल, रॉटवायलर, केन कोर्सो, डोगो अर्जेंटिनो अशा 23 जातींची कुत्री मनुष्याच्या जिवास धोकादायक आहेत. त्यांची पैदास व विक्री यांस परवानगी देऊ नये आणि जी आधीच घरोघरी पाळली आहेत त्यांचे निर्बीजीकरण करावे, असा त्याचा आशय होता. अमरावतीजवळच्या वलगावात एका जैन आडत व्यापाऱ्याच्या घरी ही बातमी वाचली गेली, तेव्हा त्याच्या गोदामाच्या फाटकाशी त्या यादीतलाच एक रॉटवायलर बांधलेला होता.

पुण्यास शिकणाऱ्या मुलाने दोन वर्षांपूर्वी ते पिल्लू आणले होते. तुरीची पोती राखायला कुलपापेक्षा बरे, एवढाच हिशेब. ही जात जर्मनीतील रॉटवाइल गावची. तेथे ती गुरे हाकी आणि खाटकांच्या गाड्या ओढी. श्रावकाच्या दारात तिची नेमणूक व्हावी, हा योग विचित्रच.

पत्र आल्यावर वडील म्हणाले, “लांब कुठे तरी नेऊन सोडा.” पेढी नदीकाठी ज्या वलगावजवळ 20 डिसेंबर 1956 रोजी गाडगे महाराजांनी देह ठेवला, देवापुढील पशुबळीविरुद्ध ज्यांनी जन्मभर कीर्तने केली, त्या गावात हे वाक्य उच्चारले गेले. पाळीव प्राण्याला उपासमार होईल अशा रीतीने टाकून देणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हाच आहे. पण त्या घरात कायद्याआधी आजीच बोलल्या. जीवंधरकुमाराने मरणाऱ्या कुत्र्याला णमोकार मंत्र ऐकविला होता. आपण जिवंत कुत्र्याला रस्त्यावर टाकणार काय, असा त्यांचा सवाल होता.

पुढच्याच महिन्यात कर्नाटक व दिल्ली उच्च न्यायालयांनी ते पत्र रद्द ठरविले. संबंधितांचे म्हणणे न ऐकताच निर्णय घेतला, हा मुख्य आक्षेप. घराने सुटकेचा नि:श्वास टाकला आणि कुत्रा पुन्हा साखळीला अडकला. सकाळी सातपासून दुकान बंद होईपर्यंत साडेतीन हातांची साखळी, टिनाची सावली, पाण्याचे भांडे कधी भरलेले, कधी पालथे. एका संध्याकाळी साखळीची कडी निघाली आणि त्याने एका हमालाची बाही फाडली. दात अंगाला लागले नाहीत, हे त्या गरिबाचे दैव. मालक प्राण्याविषयी पुरेशी दक्षता न घेईल तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, असे भारतीय न्याय संहितेचे कलम 291 सांगते. तेथे जातीचा उल्लेख नाही.

तत्त्वार्थसूत्रातही जात नाही. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार तेथे गणले आहेत: बंध, वध, छविच्छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. पर्युषणात ते मुखोद्गत म्हणणाऱ्यांच्या दारात दिवसभर बांधलेले जनावर हा पहिलाच अतिचार, आणि पालथे भांडे हा पाचवा. रॉटवायलरची शेपटी लहानपणीच छाटण्याची जुनी रूढी आहे. तिला छविच्छेदाखेरीज दुसरे नाव नाही. ब्रिटनने 1991 पासून पिटबुल, तोसा आदी जाती कायद्याने बंद केल्या आणि 2024 च्या फेब्रुवारीपासून एक्सएल बुली हा प्रकार सवलतीच्या दाखल्यावाचून बाळगणे गुन्हा ठरविले. पन्नास किलोच्या जनावराच्या जबड्याचे बळ खोटे नव्हे, म्हणून अशा याद्यांना हसण्याचे कारण नाही. परंतु बारा तास बांधलेल्या, मारून उठविलेल्या कुत्र्याचा राग यादीत मावत नाही.

हमालाच्या प्रसंगानंतर गोदामामागे जाळीचे आवार बांधले गेले. आता पहाटे व रात्री मुलगा किंवा वडील त्याला तोंडाला जाळी लावून नदीच्या रस्त्याने फिरवितात. रेबीजची लस वेळेवर टोचली जाते. हमाल येण्याआधी आवाराचे दार बंद असते. तो अनोळखी माणसावर अजून गुरगुरतो, पण झेपावत नाही.

राहिला प्रश्न अन्नाचा, आणि तो कोणत्याही न्यायालयाने सोडविलेला नाही. कुत्रा आणण्यापूर्वीच तो विचारायला हवा होता, असे आजी म्हणतात. दूध, वरण, पोळी यांवर त्याचे वजन उतरले. पशुवैद्य दुसरा आहार सुचवितात, तो घरात येऊ शकत नाही. मांसाहारी जिवाला आपल्या व्रतात बसविण्यासाठी उपाशी ठेवणे अन्नपाननिरोध होईल की नाही, यावर जेवणाच्या पंगतीत आजही वाद होतो.