माजघरातली खाट

आमच्या लहानपणी वाईतल्या मोठ्या घरांमधून माजघरात एक खाट कायमची असायची. तिच्यावर कुणाची आजी, कुणाची विधवा आत्या. माणूस उतरणीला लागलंय हे कळायला तेव्हा डॉक्टर लागत नसे. बांगडी मनगटावरून कोपराकडे घसरायला लागली, घास तोंडात घोळायला लागला, जपाची माळ मध्येच हातातून गळायला लागली की काकू चुलीपाशी हळूच म्हणायची, "म्हातारीचं काही खरं नाही आता."

आज घरी नर्स येते ती तक्ता घेऊन. वजन, रक्तदाब, बोटाला ऑक्सिमीटर. मग बार्थेल निर्देशांक : जेवण, आंघोळ, संडास, जिना अशा दहा गोष्टी स्वतःच्या स्वतः किती जमतात, त्याचे शंभरपैकी गुण. पाठ सोलवटण्याचा धोका ब्रेडन मोजपट्टीवर, सहा ते तेवीस. अठरा किंवा त्याखाली आलं की सावध. डोकं किती शाबूत आहे हे बघायला कागदावर घड्याळ काढायला सांगतात, काटे अकरा वाजून दहा मिनिटांवर. काकूची बांगडीच ही, फक्त आकड्यांत मांडलेली. पण आकडा दुसऱ्या नर्सला, डॉक्टरला, परगावच्या मुलाला सांगता येतो. काकूचं शहाणपण काकूबरोबर गेलं.

आणि त्या माजघराचे गोडवे गाताना जरा हात आखडता घ्यावा. पाठ लाल झाली की तिथे स्पिरिट चोळायचे, वर पावडर. आता नर्सा बजावतात की लाल झालेल्या हाडाच्या जागी चोळू नका, आतली कातडी आणखी दुखावते. दर दोन तासांनी कूस बदला, पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवा. आजी एका रात्रीत बरळायला लागली की "म्हातारचळ लागला" म्हणून सगळे झोपायला जात. अचानक आलेल्या अशा भ्रमामागे बरेचदा लघवीतला जंतुसंसर्ग असतो, अंगातलं पाणी कमी झालेलं असतं, साधं बद्धकोष्ठ किंवा नवी गोळीही असते. वेळीच ओळखलं तर माणूस ताळ्यावर येतो. आडव्या माणसाला चमच्याने पेज पाजायचे. ठसका लागला की पाठीवर थाप. ती पेज फुफ्फुसात जाऊ शकते हे कुणाच्या गावी नव्हतं. आता आधी ताठ बसवतात, आणि जेवणानंतरही अर्धा तास तसंच ठेवतात.

"आजी शेवटपर्यंत घरात होती," हे आपण अभिमानाने सांगतो. तिचं हगणं-मुतणं काढून कंबर मोडलेल्या सुनेचं नाव त्यात येत नाही.

तरीही एक गोष्ट त्या घराला बरी जमत असे. आजीने तोंड घट्ट मिटलं की तिला भरवण्याचा हट्ट सुटायचा. ओठ ओल्या फडक्याने पुसायचे, कुणीतरी हात धरून बसायचं. मध्यंतरी हे सगळं रुग्णालयाच्या नळ्यांमध्ये हरवलं. १९८६ साली वांद्र्याला शांती अवेदना सदन सुरू झालं, कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यातल्यांसाठी. बरं करणं शक्य नसतं तिथे वेदना कमी करणं हेही वैद्यकाचंच काम, हा विचार त्यानंतर इथे हळूहळू रुजला. कोरडं तोंड वरचेवर ओलं करा, असं तिथल्या परिचारिकाही शिकवतात.

आता उणीव आहे ती रोज बघणाऱ्या डोळ्यांची. ब्युरोतून येणारी मावशी वरचेवर बदलते. मुलगा न्यू जर्सीहून व्हिडिओवर बघतो, तेवढ्यापुरती आईही नीट बसून हसते. नर्सचा पहिला प्रश्न असतो, "आधी कशा होत्या?" चार दिवसांपूर्वी त्या स्वतः उठून संडासला जात होत्या की नाही, हे सांगायला घरात कुणी नसेल तर आजचे गुण नुसतेच कागदावर राहतात, घसरण किती झाली हे त्यावरून कळत नाही.

तुमच्या घरी असं माणूस असेल तर उशाशी एक वही ठेवा. किती खाल्लं, लघवी-शौच कशी, झोप लागली का, कुणाला ओळखलं, पाठीवर कुठे लाली आली का, महिन्याचं वजन किती. नवी मावशी आली की पहिल्या दिवशी ती वही तिला वाचून दाखवा. आणि तिला, नाहीतर घरात हे करत असेल त्या सुनेला, आठवड्याची एक सुट्टी नेमाने द्या.